शेंदराचा ठसा

घोटावड्याहून भूगावला पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या आठ बायकांना मी माझ्या जीपमधून रोज नेते-आणते. जीप जुनी, मागच्या चाकांवर चालणारी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिला आवाज लागला. मागच्या सीटखालून, लांब कुणी रडत असावं तसा. आधी मलाच जाणवला, मग आठवड्याभरात सगळ्यांना. सगळ्यात मागे बसणाऱ्या दोघी म्हणू लागल्या की डोकं भणभणतं. एकीनं तर दुसऱ्या गाडीची चौकशीही सुरू केली.

मी पिरंगुटच्या गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिक ओळखीचा, कामाला वाईट नव्हता. त्यानं आधी टायर बदलायला लावले, मग मागच्या चाकांची बेअरिंग. आवाज होता तसाच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला की मागचा अख्खा अ‍ॅक्सलच बदला. मी विचारलं, नेमकं बिघडलंय काय?

"ताई, ते तुमाला सांगून काय उपेग? तुमी गाडी चालवा."

ते मला लागलं. घरी आले आणि पहिल्यांदाच सासऱ्यांना सगळं सांगितलं.

सासरे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. तिथल्या मशीनींनी त्यांचे कान नेले. जवळ जाऊन बोललं तर कळतं, पण बारीक आणि उंच आवाज पार गेले. कुकरची शिट्टी झालेली त्यांना समजत नाही. निवृत्तीनंतर लोकांत बसणंही त्यांनी सोडलं होतं, कारण दर वाक्याला "काय?" विचारायची त्यांना लाज वाटायची. गाडीच्या आवाजाचं त्यांना काय विचारायचं, असं मलाही वाटलं होतं. मेकॅनिकनं मला जसं बिनकामाचं धरलं होतं, तसंच मी त्यांना धरलं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चप्पल घातली आणि जीपमध्ये जाऊन बसले. म्हणाले, "तू ऐक आन् मला सांग. मी इचारतो."

आम्ही निघालो. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला तेव्हा त्यांनी विचारलं, आवाज बदलला का? नाही. म्हणजे टायरचा दोष नाही, म्हणाले. मोकळ्या रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे झुलवायला लावली. तरी बदलला नाही. म्हणजे चाकांच्या बेअरिंगचाही नाही. भूगावपर्यंत जाऊन आम्ही माघारी वळलो. वाटेतला पिरंगुटचा घाट चढताना गाडी गप्प होती. पिरंगुटच्या बाजूला उतार लागला, मी पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि मागून तो रडका सूर उठला. पाय जोरात दाबला की थांबायचा, सोडला की पुन्हा. इतके दिवस मी तो ऐकत होते, पण केव्हा येतो हे कधी पाहिलंच नव्हतं.

मी सांगितलं तसे ते माझ्याकडे वळून बसले. "पिनियनचं बेअरिंग," एवढंच बोलले.

मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. त्यात क्राउन हे मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं लहान पिनियन. गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात गाडी उचलून खाली ठोकळे लावले. नवरा चाकणला कामाला होता, त्यामुळे गाडीखाली मीच शिरले. सासऱ्यांनी इंजिनाकडून गोळ्यापर्यंत येणाऱ्या लांब शाफ्टचं टोक धरून पुढे-मागे हलवायला सांगितलं. हललं. केसभरच, पण हललं. मग त्यांनी स्वतः हात घातला, डोळे मिटले आणि मान डोलावली. ऑइल काढलं तर परातीत चांदीच्या चुऱ्यासारखी चमक तरंगत होती.

दुपारपर्यंत गोळा खाली उतरवला. पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला वाळवी लागल्यासारखे खड्डे पडले होते. क्राउनचे दात मात्र शाबूत. अख्खा अ‍ॅक्सल बदलायची गरजच नव्हती. पिरंगुटला तसली बेअरिंग मिळाली नाहीत म्हणून मी स्कूटीवर कोथरूडला जाऊन पुढचं-मागचं दोन्ही घेऊन आले.

नवी बेअरिंग बसवल्यावर खरं काम होतं. क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांत नीट बसतात की नाही, ते रंगाच्या ठशावरून कळतं. मी कसला रंग आणू विचारलं, तर सासरे म्हणाले, "मारुतीला लावत्यात त्यो शेंदूर आन. कारखान्यात आमी त्योच लावायचो." वाण्याकडून पुडी आणली, तेलात कालवली, क्राउनच्या दातांना लावली आणि हातानं फिरवून पाहिलं. ठसा दाताच्या पार बुडाशी उमटला. पिनियन जास्त आत गेलं होतं. म्हणजे ठोकून बसवलेलं बेअरिंग पुन्हा ओढून काढायचं आणि त्यामागची एक पातळ चकती कमी करायची.

माझे हात भरून आले होते. मी म्हटलं, मामा, चालून जाईल.

"न्हाई चालायचं," ते म्हणाले. "वर्सभरात दात खाईल."

पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. शेंदूर लावला, फिरवलं. या वेळी ठसा दाताच्या बरोबर मध्यावर आला, लांबट, तांदळाच्या दाण्यासारखा. सासऱ्यांनी मला एकामागून एक चार दात दाखवले. सगळ्यांवर तसाच. ते हसले. घरात आल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासरे पुढच्या सीटवर, मागे आठ जणी. बायकांना मी काही सांगितलं नव्हतं. घाट चढलो, माथ्यावरून भूगावच्या बाजूचा उतार लागला, मी पाय सोडला. काहीच नाही. इंजिन, वारा आणि मागच्या दोघींचं लग्नातल्या जेवणावरचं बोलणं. वळण संपेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग दुसरी गाडी शोधणारी बोलायची थांबली. "ताई, आवाज गेला की ओ. कुणी काढला?"

मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. त्यांना प्रश्न ऐकू गेला नव्हता, म्हणून तिनं पुढे वाकून त्यांच्या कानाशी पुन्हा विचारला.

"आमी दोघांनी," ते म्हणाले, आणि मागे वळून पिनियन म्हणजे काय ते समजावू लागले. भूगाव आलं, कंपनीचं फाटक आलं, तरी त्यांचं संपलं नव्हतं. आठही जणी खाली उतरून दारापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

परतताना मी पिरंगुटच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली. मेकॅनिकला म्हटलं, बसा, घाटात एक फेरी मारू. तो बसला. जाता-येता दोन्ही उतारांवर कान देऊन ऐकत राहिला. उतरल्यावर त्यानं वाकून मागचा गोळा पाहिला. मी म्हटलं, पिनियनचं बेअरिंग होतं. मग त्यानं विचारलं, चकती किती जाडीची कमी केली? मी जाडी सांगितली. त्यानं शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतली.