आधी खोट सांगणारे दाऊदचाचा

दाऊदचाचांच्या हातात काहीही दिलं की ते आधी खिडकीशी जायचे. टोमॅटो असो, नवा शर्ट असो, नाहीतर माझी बारावीची मार्कलिस्ट. उजेडात धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि जे वाईट असेल ते आधी सांगायचे. "इंग्लिशात कच्ची हायस गो," मार्कलिस्ट बघून ते म्हणाले होते. पेढे त्यानंतर मागितले.

चाचा मूळचे रत्नागिरीच्या खाडीकाठचे. मस्कतमध्ये दार्सैतला आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे आणि रुवीतल्या एका जवाहिऱ्याकडे हिरे पारखायचे. माझे पपा एसी दुरुस्त करायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अडलं तर विचारायला कोणी नव्हतं. चाचा सातवीपर्यंत शिकलेले. तरी मी त्यांच्याकडेच गेले. ते का, हे सांगायचा प्रयत्न करते.

पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीवर प्रकल्प लिहिला होता. हिरे आणि महसूल यांच्या जोरावर हे घराणं एवढं श्रीमंत कसं झालं, असा विषय. इतिहासाच्या बाईंनी तो परत केला. वर लाल शाईत लिहिलं होतं, "यात तू कुठे आहेस?" सुट्टीनंतर नव्याने लिहून वर्गापुढे मांडायचा होता. जमलं तर तिसऱ्या वर्षाला इतिहास हा विशेष विषय मिळणार, नाहीतर नाही. पपांना फारसं वाईट वाटलं नाही. "इकॉनॉमिक्स घे. इतिहासात नोकरी कोण देतो?" ते म्हणाले. मला मात्र दुसरं काही नकोच होतं.

मस्कतला आल्यावर मी तो प्रकल्प चाचांना वाचून दाखवला. निदान हिऱ्यांचं तरी त्यांना कळेल, असं वाटलं. पहिलंच वाक्य होतं, "गोवळकोंड्याच्या किल्ल्याखाली हिऱ्यांच्या खाणी होत्या, म्हणून तिथले सुलतान श्रीमंत झाले."

चाचांनी हात वर केला. "आमचं दुकान रुवीत हाय. म्हणून रुवीत हिरे निघतात काय गो?"

मी गडबडून पुस्तक उघडलं. खाणी खरंच दूर, कृष्णेच्या काठाला होत्या. गोवळकोंडा ही बाजारपेठ. ते वाक्य मी इंटरनेटवरून जसंच्या तसं उचललं होतं.

"मग खाण कोणाची?"

"सुलतानाची. तो ती मक्त्याने द्यायचा. व्यापारी जमिनीचा तुकडा घ्यायचे, जितके मजूर लावतील तितका कर भरायचे. विक्रीवर पुन्हा कर. आणि मोठा खडा निघाला तर तो सुलतानाचा."

"शेतसारा?"

"तोही मक्त्यानेच. जास्त बोली लावेल त्याला वसुली. मग तो शेतकऱ्यांना पिळायचा."

"हे सगळं ठावं होतं तुला?"

"हो."

"मग लिवलं का नाय?"

मी खाली बघत म्हटलं, "हिऱ्यांपुढे ते चांगलं दिसत नव्हतं."

चाचा हसले नाहीत. "उद्या दुकानात ये," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात एक तरुण जोडपं अंगठी घ्यायला आलं होतं. चाचांनी पांढऱ्या कागदावर हिरा ठेवला, चिमट्याने फिरवला आणि भिंग मुलीच्या हातात दिलं. "देखो बेटी, अंदर बारीक लकीर है. ऐसे नहीं दिखेगी, पर है." गल्ल्यावरच्या मालकांचा चेहरा पडला. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग तिने तीच अंगठी घेतली.

"हा माणूस मला एक दिवस दुकान बंद करायला लावणार," मालक मला म्हणाले.

"वीस वर्षं हेच बोलताय, अर्बाब," चाचा म्हणाले; मालकाला तिकडे अर्बाब म्हणतात. मग ते माझ्याकडे वळले. "प्रत्येक खड्यात काहीतरी खोट असते. लपवली की गिऱ्हाईक तीच शोधत बसतो. आपणच सांगितली की मग तो खडा बघतो."

मी दुकानातल्या कोपऱ्यात बसून आठ दिवसांत सगळं पुन्हा लिहिलं.

पुण्यात वर्गापुढे उभी राहिले. मी म्हटलं, "माझ्या प्रकल्पात एक मोठी खोट आहे. सुलतानांची सगळी नावं मला मिळाली. खाणीत माती वाहणाऱ्या एकाही बाईचं नाव मिळालं नाही." मग हिरा जमिनीतून निघून खजिन्यात जाईपर्यंत वाटेत कोणाकोणाकडून काय घेतलं गेलं, ते सांगितलं. सारा भरणाऱ्या गावांचंही सांगितलं. बाईंनी विचारलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाला मी "माहीत नाही" असं उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली. ती कशासाठी, ते मला कळलं नाही.

आठवड्याने यादी लागली. माझं नाव होतं. मी थेट मस्कतच्या दुकानात फोन लावला. चाचा ओरडले, "अर्बाब, आमच्या पोरीला इतिहास मिळाला!" मागून मालकांचा आवाज आला, "किती कॅरेटचा?"

पुढच्या वर्षी चाचांची नजर अधू झाली. मालकांच्या लक्षात यायच्या आत त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं आणि चिमटा-भिंग परत केलं. मालक रडले म्हणे. चाचा गावी परतले. मी फोनवर बिचकत विचारलं, "करमतं का तिथे?"

"माझं सोड. त्या बायांची नावं मिळाली काय?"

"नाही, चाचा. ती तेलुगू मुलखातली माणसं. तिकडचे जुने कागद असतील तर ते मला वाचताच येणार नाहीत."

"मग शीक की! तुला कोण अडवतंय? यल्ला, लाग कामाला!"

सध्या वर्गातली एक मैत्रीण मला तेलुगू अक्षरं शिकवते. काल मी पहिलं पूर्ण वाक्य वाचलं. अर्धा तास लागला.