पाकळी डावी पडली होती

सदा गेल्याची चिठ्ठी मला मी शिकवतो त्या कसालच्या शाळेत मिळाली, आचऱ्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरकडून. तीन आठवडे झाले. पस्तिशीही न गाठलेला माझा चुलतभाऊ काविळीने जावा, हे अजून पटत नाही. खरं सांगायचं तर रागच येतो.

सदाचा जन्म रंगूनचा. काका तिथल्या बंदरात नोकरीला होते, काकी ब्रह्मी. लढाई पेटली तेव्हा काका आठ वर्षांच्या सदाला घेऊन गावी आले. आजारी आईला टाकून काकींना निघता आलं नाही... त्या तिकडेच राहिल्या. सदा वाढला तो आमच्यात, डोळे तेवढे काकींचे. मुंबईला कॉलेजात बास्केटबॉलचं वेड लागलं आणि सुट्टीत येऊन त्याने परसातल्या माडाला पिपाची लोखंडी कडी ठोकली. खाऱ्या वाऱ्याने ती गंजू नये म्हणून रोज संध्याकाळी स्टुलावर चढून तिला खोबरेल लावायचा. माझा चेंडू कधी आत गेला नाही. "तुझो चेंडू देवळाक जाता रे, कडयेत नाय," म्हणून हसायचा.

मग एका उन्हाळ्यात दोन पत्रं आली. एक भारताच्या संघाचं, एक ब्रह्मदेशाच्या. एकाकडून खेळलं की दुसऱ्याचं दार बंद. रंगूनला गेला तर आई भेटणार होती. इथे काकांना सदाशिवाय कोणी नव्हतं. सदाने निर्णय त्यांच्यावर सोपवला, आणि आमच्या गावात अशा वेळी करतात तेच काकांनी केलं, देवाला कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घालून देवापुढे प्रश्न मांडला आणि ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवल्या. उजवी पडली तर सदाने इथेच राहायचं, डावी पडली तर रंगूनला जायचं. नारळ घेऊन मी शेजारीच उभा होतो. पाकळी डावी पडली.

घरी येऊन काका म्हणाले, "देवान उजवो कौल दिल्यान." मी गप्प बसलो. सदा भारताकडून खेळला. पुढे रंगूनची वाट बंद झाली, काकींची पत्रंही थांबली. त्यांची भेट राहिली ती राहिलीच. माझं ते गप्प बसणं मला वर्षानुवर्षं टोचत राहिलं.

मालवणच्या दवाखान्यात शेवटी त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "माका म्हायत आसा. मी मागसून इलेलंय, खांबामागे होतंय."

"मगे गेलंस कित्याक नाय?"

"बाबा देवाक कधी खोटे पडले नसत. त्या दिवशी पडले... माझ्यासाठी. तेंका सोडून कसो जातलंय?"

तेराव्याला काका मला परसात घेऊन गेले. "तू बघललंस. त्याका कधी कळला काय रे?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण या घरात ते एकदा बोलून झालं होतं. मी खांबामागचं सांगितलं, तो का थांबला तेही. काकांनी माडावरच्या कडीकडे पाहिलं.

"लिव तू ह्या," ते म्हणाले. "लोकांका कळांदे, माझो झील कसो होतो."

मग त्यांनी मला स्टूल धरायला सांगितलं, सत्तरीचे पाय सावरत वर चढले आणि कडीला खोबरेल लावू लागले.