घोड्यावरचं कोकरू

आमच्या शिक्रापूरच्या शाळेत चित्रकलेच्या एक बाई होत्या. स्केचपेन कायम अंबाड्यात खोचलेलं. कुणी नको म्हटलं, की नुसतं "बरं" म्हणायच्या. त्यांच्या त्या "बरं"ची मला धास्तीच वाटायची.

कंपनीत कामाला आलेल्या एका बिहारी कुटुंबाची चित्रकथा काढून त्यांनी स्थलांतराचा धडा शिकवला आणि पानं व्हरांड्यात लावली. शाळा समितीचे आप्पा भडकले. "भायेरच्यांचं कवतिक कशापायी? उतरवा समदं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानाच्याही आधी नवं पान लागलं होतं. मेंढरांमागं चाललेला धनगर, घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर बांधलेलं इवलं कोकरू.

"ह्यो कोण?" आप्पांनी विचारलं.

"तुमचे आजोबा. मेंढरं घेऊन ह्या गावात आले, तवाचे. आता सांगा आप्पा, कुठल्या पानापासून उतरवू?"