भरलेलं टिपाड

केजच्या स्टँडवर मावशीनं दत्ताच्या पिशवीत मच्छरदाणी कोंबली आणि म्हणाली, "परक्या मुलखात पाणी सांडू नका रं. पाणी हाय तर माणूस हाय." दत्ता माझा मावसभाऊ. आम्ही दोघं मालदीवच्या एका बेटावर हॉटेलात कामाला निघालो होतो. मी खोल्या आवरायला, तो लॉन्ड्रीत, रात्रपाळीला.

केजला नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. बेटावर चोवीस तास नळ, वर रोजचा पाऊस. तरी माझ्यानं राहवेना. किचनमागचं रिकामं पिंप मागून आणलं, आपण त्याला टिपाड म्हणतो, ते खोलीच्या दाराशी पन्हाळीखाली मांडलं आणि काठोकाठ भरू दिलं. हसू नका. तुमच्यातले जे बाहेर गेलेत त्यांनी आपापली बाथरूम बघावी, एक भरलेली बादली सापडेलच.

पाहुण्यांच्या उशीवर मीच एक कागद ठेवायचो. इथला डास दिवसा चावतो, अंगभर कपडे घाला, मलम लावा, साठलेलं पाणी ओतून द्या. दत्ताला वाचून दाखवला तर तो पोट धरून हसला. "पानी वता म्हनं! ह्यांला आठ दिस केजला ठिवा." मीही हसलो. कागद पाहुण्यांसाठी होता, आम्ही कुठले पाहुणे. रात्री डास गुणगुणत नव्हते, म्हणून मच्छरदाणी पिशवीतच राहिली. दत्ता दिवसा झोपायचा, दार उघडं टाकून, टिपाडापासून दोन हातांवर.

त्याला ताप चढला, सांधे ठणकले. ताप उतरला तेव्हा वाटलं, सुटलो. त्याच दिवशी पोट दुखायला लागलं, हिरड्यांतून रक्त आलं. बोटीनं मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, डेंग्यू. एकटाच परत आलो आणि टिपाडात वाकून पाहिलं. अळ्या वळवळत होत्या.

दत्ता गेल्याचं मावशीला तेव्हाच कळलं, पण टिपाडातल्या अळ्यांचं सांगायला मला दोन वर्षं लागली. टिपाड मीच भरलं होतं, हेही सांगितलं.

"सांडू नका म्हनून म्याच सांगितलतं," एवढंच बोलली. मग उठली आणि दारातलं स्वतःचं टिपाड दोन्ही हातांनी कलंडवलं. ऐन मे महिन्यात, नळाला पाणी यायला पाच दिवस असताना, आमच्या गल्लीतून पाणी वाहत गेलं. शेजारणी बघत राहिल्या. घर म्हटलं की आता मला ती ओली गल्ली दिसते.