भेगेवरची काच

दिल्लीत बसून विदर्भातल्या कोळसा खाणींवरच्या जमिनीवर लक्ष ठेवायची नोकरी मी अकरा वर्षं केली. त्या काळात माती पाहिली ती फक्त लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधल्या कुंडीत.

भानगड अशी, की खाणीत छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब ठेवतात. पुढे तेही काढायचा मोह होतो. काढले तर पोकळीत वाळू भरावी लागते, नाहीतर वरची जमीन खचते. वाळू भरणं कटकटीचं, लक्ष ठेवणं सोपं. म्हणून वरच्या घरांच्या भेगांवर काचेची पट्टी चिकटवायची. भेग वाढली की काच तडकते. 'तपासणीच्या दिवशी काच शाबूत आहे का?' हा मासिक तक्त्यातला रकाना माझ्याच सुपीक डोक्यातून निघाला. साहेबांनी पाठ थोपटली, मी आठवडाभर हवेत.

सगळीकडून दर महिन्याला 'होय' यायचं. बिल्कुल आदर्श कारभार.

मग एका रविवारी तिकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका पत्ता काढत थेट घरी आल्या. मी मराठी आहे म्हणजे ऐकेन, ही त्यांची भाबडी समजूत. बायकोने पोहे दिले. बाईंनी पिशवीतून शाळेच्या भिंतीवरच्या तडकलेल्या काचा काढून टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर तारीख घातलेली.

"तपासणीच्या आदल्या दिवशी खाणीची माणसं नवी लावून जातात, साहेब," त्या म्हणाल्या. "पहिलीची पोरं त्याच भिंतीला टेकून बसतात. वाळू भरल्याशिवाय खांब काढू देऊ नका, एवढंच करा."

मला लाज वाटली. खरंच वाटली. सोमवारी टिपण लिहिलं: आधी वाळू, मग खांब. साहेबांनी ते चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, "काच बार बार टूटती है, तो मोटी लगवाओ."

मी मान डोलावली. वाद घातला असता तर बदली झाली असती, आणि मुलगी बारावीला होती. जाड काचेचं पत्र मीच टाइप केलं, शुद्धलेखन तपासून.

दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला. "जाड काच तडकली नाही, साहेब. भिंतच पडली. मधल्या सुट्टीत."

मी विचारलं, "हे तुम्ही कुणाला लेखी कळवलंय का?"

त्यांनी फोन ठेवला. कुणा पोराला लागलं का, हे विचारायचं मला त्यानंतर सुचलं.