रजेच्या यंत्रातली मावशी

माणसाशी बोलणाऱ्या यंत्राची कथा या कारखान्यांच्या पट्ट्यात अनेक पाठांत, म्हणजे वेगवेगळ्या रूपांत, आढळते. तळेगावच्या पाठात म्हातारा यंत्राला चहा विचारतो, पिंपरीच्या पाठात पाया पडतो. चाकणचा पाठ मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडला. लोककथा गोळा करण्यासाठी मी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसत असे, आणि किस्से आपोआप साचत गेले.

तिथे रजेचा अर्ज घेणारे यंत्र होते. बोलण्यासाठी पडद्यावरचा चेहरा आपण निवडायचा: हेल्मेटवाला साहेब, तरुणी, पोपट किंवा पिकल्या केसांची बाई.

साहेबाला कोणी निवडीना. जवळच्या गावचे नामदेवराव म्हणाले, "दिवसभर सायबाचं त्वांड बघायचं, अन् रजा मागाया पुन्हा सायबच व्हय?"

*

तरुणीला निवडण्याचे धाडस एकाने केले. मागची रांग ओरडली, "वहिनीला फोन लावू का रे?" त्याने घाईघाईने पोपट दाबला!

*

भास्करराव मराठवाड्यातले, चाकणला खोली घेऊन एकटेच राहत. ते नेहमी पिकल्या केसांची बाई निवडत. ती "कसे आहात?" म्हणे. इतर लोक पुढचे बटण दाबत. भास्करराव उत्तर देत. "बरंय मावशी. गुडघा तेवढा दुखायलाय."

"आवर की भावा," मागून कोणीतरी म्हणे, "मावशी काय स्थळ घेऊन आलीय?"

*

पुढे सूचना लागली: महिनाअखेर सर्वांत जास्त निवडला गेलेला एकच चेहरा राहील. भास्कररावांनी प्रत्येकाला विनवले, "मावशीलाच दाबा."

नामदेवराव ओशाळले. "दाबलं असतं राव. पण नातू रोज इचारतो, पोपट काय म्हणला?"

पोपट जिंकला.

*

चेहरे काढायच्या दिवशी भास्कररावांची रजा होती. अर्ज मावशीकडेच केलेला; रजेचे कारण दिलेले, 'घरगुती'. तरी ते धुतलेला सदरा घालून, डबा घेऊन आले. मावशीला पडद्यावर आणून समोरच्या बाकावर बसले.

"रजा हाय ना तुझी?" नामदेवरावांनी विचारले.

"हाय की."

तंत्रज्ञ आला. त्याने लॅपटॉप उघडला.

"साहेब, एवढं जेवण होऊ द्या," भास्करराव म्हणाले.

त्याने आमच्याकडे पाहिले, लॅपटॉप मिटला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. भास्करराव सावकाश जेवले. डबा धुऊन, पुसून पिशवीत ठेवला.

"करा आता," ते म्हणाले, आणि गेटकडे चालू लागले.