द्राक्षासवाच्या बाटलीतली शिराझ

नांदेडला नोकरी लागली आणि दुसऱ्याच वर्षी मी रेड वाइनचा जाणकार झालो. झालं असं, की कॉलेजातर्फे नाशिकला एका प्रशिक्षणाला गेलो होतो. रविवारी आम्हाला एक वायनरी दाखवायला नेलं. तिथल्या मुलीनं पेला गोल फिरवला आणि विचारलं, "यात जांभूळ जाणवतंय का?" मला काहीच जाणवलं नाही. पण सगळ्यांनी मान डोलावली, म्हणून मीही डोलावली. परतीच्या बसमध्ये जांभळाविषयी सर्वांत जास्त मीच बोललो.

तेव्हापासून माझी आवड पक्की झाली. शिराझ नावाची लाल वाइन, आणि तीही त्याच वायनरीची. नांदेडच्या दुकानात व्हिस्की-बिअरच्या गर्दीत वाइनला एकच फळी होती, तीही रस्त्याकडच्या काचेत, शोभेला.

"शिराझ आहे का?" मी पहिल्यांदा विचारलं.

"सरजी, लाल हाय अन् पांढरी हाय. कोणती देऊ?"

मी त्याला द्राक्षांच्या जाती समजावून सांगू लागलो. मागे उभे असलेले चौघे निमूट ऐकत होते. शेवटी त्यातला एक म्हणाला, "सर, चढती का न्हाई, तेवढं सांगा."

शनिवारी मी लातूरला घरी जायचो, तेव्हा अडचण यायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, डाळींचे आडते. घराणं लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, आणि दारू हा शब्द उच्चारावा लागला तरी नंतर चूळ भरणारे. मात्र जेवणानंतर वैद्यानं दिलेलं द्राक्षासव दोन झाकणं घ्यायचे, तीस वर्षं, न चुकता. आसव आंबवल्यावर त्यात काय तयार होतं, हे घरात कुणी विचारत नसे. त्याचीच एक रिकामी बाटली मी धुतली, तीत शिराझ भरली आणि माझ्या कपाटात पुस्तकांमागे ठेवली.

एका रविवारी आईनं कपाट आवरलं. औषधाची बाटली भलत्या जागी दिसली, म्हणून तिनं ती नेऊन अप्पांच्या औषधांच्या फळीवर ठेवली. मला कळलं तेव्हा अप्पांनी झाकण ओठाला लावलं होतं आणि माझ्या तोंडात भाताचा घास होता.

आडतीवर तुरीचा दाणा दाताखाली धरून माल कुठं भिजला ते सांगणारा माणूस तो. त्यांनी घोट जिभेवर घोळवला. ते त्यांना नाशिकच्या कुठल्या मुलीनं शिकवलं नव्हतं.

"द्राक्ष चांगलं हाय," ते म्हणाले. "पण बाटली उन्हात राहिलेली हाय. शिजवल्यावानी लागतंय. तू कुठून आणली?"

"नांदेडहून."

"औषधच ना रे?" आईनं विचारलं.

"औषधच," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. वर कोरडी तूर पसरून खाली ओली भरणाऱ्याकडे ते असंच पाहत. मग त्यांनी आणखी अर्धं झाकण घेतलं. "खात्री करून घ्यावं लागतं," म्हणाले.

मला लाज वाटली. खोटं बोलल्याची थोडी, पण उन्हात शिजलेल्या बाटल्यांत दोन वर्षं जांभूळ शोधल्याची जास्त. सोमवारी तडक दुकानात गेलो आणि आतल्या खोक्यातली बाटली मागितली.

"आतला माल कुणी मागतच न्हाई, सरजी," दुकानदार म्हणाला. "काचेतली कशी चमकती!"

ती शिराझ मी पुढच्या शनिवारी आसवाच्या बाटलीत भरून स्वतःच फळीवर ठेवली. अप्पांनी चाखली आणि डोळे मिटले.

"जांभूळ लागतंय?" मी हळूच विचारलं.

"जांभूळ कुठं? करवंद हाय. अर्धं पिकल्यालं."

मी चाखून पाहिली. करवंदच होतं.

पुढे हे आसव घरात रुळलं. मी दुसऱ्या वायनरीची बाटली नेली, तर अप्पांनी ती एका घोटात नापास केली. "ह्या वैद्याचा हात जड हाय. लाकूडच लागतंय नुसतं. पहिल्याचीच आणत जा." वैद्य कोण, हे त्यांनी मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग शेजारचे आडते, अप्पांचे जुने स्नेही, पोटाची तक्रार घेऊन आले. अप्पांनी मोठ्या मनानं त्यांना दोन झाकणं दिली. स्नेह्यांनी तोंड वाकडं केलं. "औषध गुणाचं असंल, पण लई तुरट हाय. जरा साखर घालून बघू का?"

अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी फळीवरून खऱ्या द्राक्षासवाची भरलेली बाटली काढली आणि स्नेह्यांच्या हाती देऊन त्यांना दारापर्यंत पोचवलं. परत आले आणि माझ्याशेजारी बसले.

"माणूस लाखाचा हाय," ते म्हणाले, "पण त्याला चव न्हाई."